संगणकाची कणगी आणि संगणकाचा डबा



आपल्या तळोज्याच्या वाचनालयात एक संगणक आहे. बोलताना आपण त्याला कॉम्प्युटर म्हणतो. रात्रीच्या वर्गाला येणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिला आहे. टेबलावर पडदा, पुढे कीबोर्ड आणि शेजारी उभी पेटी.

दोन वर्षांपूर्वी हा संगणक बंद पडला. तेव्हा आमची एक मोठी चूक उघडी पडली. त्या चुकीतून आम्ही काय शिकलो, ते या पाठात सांगतो. आज घरोघरी संगणक येत आहेत. मुलाच्या शिक्षणासाठी कोणी घेतो, दुकानाच्या हिशोबासाठी कोणी घेतो. दुकानात गेले की दुकानदार विचारतो, "हार्ड डिस्क टाकू की एसएसडी?" आपण गप्प राहतो. मग तो म्हणेल ते घेतो. तसे होऊ नये, म्हणून हा पाठ.

1. आमची चूक

आपला गाव भातशेतीचा. पुढे काळ बदलला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याची वसाहत तळोज्याला आली. 1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी आपल्या भागातल्या जमिनी घेतल्या गेल्या. 2016 साली पनवेल महानगरपालिका झाली. शेते गेली, घरे बदलली, कारभार बदलला. पण जुन्या घरांत कागदांची पत्र्याची पेटी राहिली. जुना सातबारा, फेरफार, जमीन घेतल्याच्या नोटिसा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड आणि घरच्या माणसांचे फोटो, असे सगळे त्या पेटीत असते.

आपल्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने भिंतींना ओल असते. कागदाला बुरशी येते, वाळवी लागते. म्हणून आम्ही गावात सांगितले, "पेटीतले कागद आणा. आपण ते संगणकात उतरवून ठेवू." लोकांनी विश्वासाने कागद आणले. आम्ही ते यंत्राने टिपून संगणकात साठवले. याला स्कॅन करणे म्हणतात. वर्षभरात पुष्कळ घरांचे कागद जमा झाले.

एका सकाळी टेबल झाडताना आम्ही चालू पेटी बाजूला सरकवली. ती हातातून निसटली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. आतून आवाज येऊ लागला. टक, टक, टक. पडदा काळा झाला, तो पुन्हा उजळला नाही.

आम्ही पेटी घेऊन पनवेलला गेलो. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने ती उघडली. आवाज ऐकूनच तो म्हणाला, "गुरुजी, हार्ड डिस्क गेली. आतली चकती खरचटली असणार. मुंबईला अशी डिस्क उघडून माहिती काढणारे लोक आहेत. पण नव्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त पैसे लागतील. आणि सगळे मिळेलच, असे कोणी सांगणार नाही."

आम्ही विचारले, "मग आता?"

तो म्हणाला, "दुसरी प्रत कुठे ठेवली आहे?"

दुसरी प्रत नव्हती.

गावात येऊन आम्ही खरे काय ते सांगितले. कोणी रागावले, कोणी समजून घेतले. बहुतेकांचे मूळ कागद घरी होते. काहींना तलाठी कचेरीतून नकला मिळाल्या. सही केलेला सातबारा तर 2018 पासून संगणकावरूनच मिळतो. त्यामुळे जमिनीचे बरेच कागद पुन्हा उभे राहिले.

पण वर्गाला येणाऱ्या एका काकूंचे तसे झाले नाही. त्यांच्या यजमानांचा एकच फोटो होता. तो आम्ही स्कॅन केला होता. पुढच्या पावसात त्यांच्या घरात गळती झाली. फोटो काचेला चिकटला आणि सोडवताना फाटला. काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "असू द्या, वाचनालयात आहे ना." आता त्या आमच्याजवळ आल्या. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, कागद कचेरीत अर्ज करून मिळतील. पण ह्यांचा फोटो कुठल्या कचेरीत मिळेल?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी आम्ही ठरवले की, हे यंत्र नीट समजून घ्यायचे आणि मगच नवे काही विकत घ्यायचे.

2. संगणकाची पाटी आणि वही

शाळेत आपण पाटी आणि वही दोन्ही वापरतो. पाटीवर बेरीज केली, पुसली, पुन्हा लिहिली. जे जपून ठेवायचे, ते वहीत लिहिले.

संगणकातही पाटी आणि वही असते. पाटीचे नाव रॅम. चालू काम रॅममध्ये असते. वीज गेली की ही पाटी पुसली जाते. वहीचे नाव हार्ड डिस्क किंवा एसएसडी. वीज गेली तरी वहीत लिहिलेले राहते. आपले कागद, फोटो, हिशोब वहीत असतात. संगणक सुरू होण्यासाठी ज्या आज्ञा लागतात, त्याही वहीतच असतात.

रॅम किती घ्यावी, हा वेगळा प्रश्न आहे. या पाठात आपण फक्त वहीचा विचार करू.

3. हार्ड डिस्क कशी चालते?

तुमच्यापैकी वडील मंडळींनी ग्रामोफोन पाहिला असेल. तबकडी फिरते, सुई तिच्यावर टेकते आणि गाणे वाजते. हार्ड डिस्क काहीशी तशीच असते. आत गुळगुळीत, चकाकणाऱ्या चकत्या असतात. त्यांच्यावर चुंबकाच्या गुणाचा पातळ थर असतो. चकतीवर एक लहान हात पुढे-मागे फिरतो. हाताच्या टोकाला वाचणारे आणि लिहिणारे डोके असते. ते चुंबकाच्या खुणा करते आणि वाचते.

ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे डोके मात्र चकतीला टेकत नाही. ते हवेच्या पातळ थरावर तरंगते. माणसाच्या केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतके जेमतेम अंतर मध्ये असते. आणि चकती केवढ्या वेगाने फिरते? पुष्कळ डिस्कवर 7200 हा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे मिनिटाला 7200 फेरे. चकतीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे. त्याहूनही हा वेग जास्त.

एवढ्या वेगात धक्का बसला तर काय होईल? डोके चकतीवर आपटेल आणि तिला ओरखडा पडेल. आमच्या हातून नेमके हेच झाले. संगणक बंद करून पेटी हलवली असती, तर डोके बाजूला जाऊन बसले असते. मग कदाचित काही बिघडले नसते.

हार्ड डिस्क ही जुनी युक्ती आहे. 1956 साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क आणली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या 50 चकत्या होत्या. ती कपाटाएवढी मोठी होती. तिच्यात सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एक-दोन फोटो तिच्यात कसेबसे मावले असते. आजची हार्ड डिस्क एका हातात धरता येते आणि तिच्यात लाखो फोटो मावतात.

4. एसएसडी कशी चालते?

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. नाव अवघड आहे. एसएसडी एवढे म्हटले तरी पुरे. तिच्यात चकती नाही, हात नाही, फिरणारे काहीच नाही. आत चिप असतात. चिपमध्ये अगदी बारीक खाने असतात. एकेका खान्यात विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो. कोणत्या खान्यात किती भार आहे, यावरून संगणक माहिती वाचतो. वीज गेली तरी हा भार आत राहतो.

हे काही आपल्याला अगदी नवे नाही. तुमच्या मोबाइलमध्ये अशाच प्रकारच्या चिप आहेत. पेन ड्राइव्हमध्येही त्याच आहेत. ही युक्ती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याच्या गटाने काढली. आज एसएसडीत जी चिप असते, तिची रचना त्यांनी 1987 साली मांडली.

फिरणारे काही नसल्यामुळे एसएसडीचा आवाज येत नाही. ती धक्का सहन करते. वीजही कमी खाते. दुकानात ती दोन रूपांत दिसेल. एक चपटी, पत्त्यांच्या कॅटसारखी. तिला केबल जोडावी लागते. दुसरी बोटभर लांबीची पट्टी. तिला दुकानदार एम-टू म्हणतात. ती मुख्य पाटावर, म्हणजे मदरबोर्डवर, सरळ बसते. जुन्या संगणकात पट्टीची जागा नसेल, तर चपटी घ्यावी.

5. थोडे गणित करू

हार्ड डिस्क हळू आणि एसएसडी जलद, असे सगळे सांगतात. का, ते गणिताने पाहू. वहीपेन्सिल घ्या.

चकती मिनिटाला 7200 फेरे घेते. मिनिटात 60 सेकंद. 7200 भागिले 60 म्हणजे सेकंदाला 120 फेरे.

आता संगणकाला एक माहिती हवी आहे. आधी हात योग्य जागी सरकला पाहिजे. मग चकती फिरून ती खूण डोक्याखाली आली पाहिजे. या दोन्हींना मिळून सरासरी सेकंदाच्या हजाराव्या भागाचे 12 भाग लागतात. म्हणजे एका सेकंदात अशा सुमारे 80 फेऱ्या होतात.

संगणक सुरू होताना हजारो लहान तुकडे मागतो. समजा, 8000 तुकडे मागितले आणि ते सगळे वेगवेगळ्या जागी आहेत. 8000 भागिले 80 म्हणजे 100 सेकंद. एसएसडीत हात सरकवायचा नाही आणि चकतीची वाट पाहायची नाही. ती सेकंदात हजारो तुकडे देते. तेच 8000 तुकडे ती एक-दोन सेकंदांत देईल.

प्रत्यक्षात संगणकाला इतरही कामे असतात. म्हणून फरक एवढा मोठा दिसत नाही, पण दिसतो नक्की. आमचा जुना संगणक सुरू व्हायला अडीच मिनिटे घेई. तेवढ्यात चहा पिऊन होई. एसएसडी बसवल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागला. बाकी पेटी तीच, पडदा तोच.

एक गैरसमज मात्र काढून टाका. एसएसडीने इंटरनेट जलद होत नाही. सातबाऱ्याचे संकेतस्थळ अडले असेल, तर एसएसडी घेऊनही ते अडलेलेच राहील.

6. कणगी आणि डबा

मग सरळ एसएसडीच घ्यावी का? हा प्रश्न आम्ही रात्रीच्या वर्गात मांडला.

कंपनीतून निवृत्त झालेले एक दादा म्हणाले, "गुरुजी, तेवढ्याच पैशात हार्ड डिस्कमध्ये जागा जास्त मिळते. आपल्याला साठवायचेच आहे. मग जागा बघा, वेग कशाला?"

कॉलेजात जाणारी एक मुलगी म्हणाली, "दादा, कॉम्प्युटर सुरू व्हायलाच इतका वेळ लागला तर लोक कंटाळून जातात. एसएसडीच बरी."

तेव्हा काकू बोलल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षाचा भात कणगीत असायचा. रोजचे तांदूळ स्वयंपाकघरात डब्यात असायचे. रोज कणगीत कोण उतरेल? आणि डब्यात वर्षाचा भात मावेल कसा?"

सगळा वर्ग शांत झाला. आमचा पाठ काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकला.

एसएसडी म्हणजे डबा. जवळ असतो, पटकन हाताला लागतो, पण जागेच्या मानाने महाग पडतो. हार्ड डिस्क म्हणजे कणगी. मोठी असते, जागेच्या मानाने स्वस्त पडते, पण काढायला वेळ लागतो.

जागेचा हिशोब पाहू. जागा जीबी या मापात मोजतात. 1000 जीबी म्हणजे 1 टीबी. मोबाइलचा एक फोटो साधारण 4 एमबीचा असतो आणि 1000 एमबी म्हणजे 1 जीबी. म्हणजे एका जीबीत 250 फोटो. समजा, 240 जीबीची एसएसडी घेतली. संगणकाच्या स्वतःच्या आज्ञांना आणि कार्यक्रमांना 60 जीबी सोडा. उरले 180 जीबी. त्यात 45,000 फोटो मावतील. 1 टीबीच्या हार्ड डिस्कमध्ये अडीच लाख मावतील.

आता आपापल्या घराचा विचार करा.

घरी मुलाचा अभ्यास, अर्ज भरणे, थोडे फोटो, एवढेच काम आहे का? मग एकटी एसएसडी पुरे.

लग्नाचे चित्रण करण्याचा धंदा आहे का? पुष्कळ चित्रफिती साठवायच्या आहेत का? मग लहान एसएसडी आणि मोठी हार्ड डिस्क, दोन्ही घ्या. टेबलावरच्या संगणकाच्या पेटीत दोन्ही बसवता येतात. संगणकाच्या आज्ञा एसएसडीत आणि साठा हार्ड डिस्कमध्ये.

दुकानात कॅमेरे आहेत आणि रात्रंदिवस चित्रण साठते का? तिथे हार्ड डिस्क बरी. जागा खूप लागते आणि घाई नसते. मात्र या कामासाठी बनवलेली हार्ड डिस्क मागून घ्या.

संगणक जुना आहे, काम चालते, पण फार हळू झाला आहे का? मग नवा घेण्याआधी एसएसडी बसवता येते का, ते विचारा. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

मोठ्या लोकांचाही हाच हिशोब असतो. आपल्या नवी मुंबईत डेटा सेंटर नावाच्या इमारती उभ्या आहेत. 2020 साली पनवेलजवळ असेच एक मोठे केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांत हजारो संगणक रात्रंदिवस चालतात. जे लगेच लागते, ते एसएसडीत ठेवतात. जे नुसते साठवायचे, ते हार्ड डिस्कमध्ये ठेवतात. डबा आणि कणगी तिथेही आहेच.

भाव आम्ही इथे लिहीत नाही. भाजीच्या भावासारखे हे भावही वरखाली होतात. 2011 साली थायलंडात मोठा पूर आला. तिथे हार्ड डिस्कचे मोठे कारखाने होते. ते पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. म्हणून खरेदीच्या दिवशी दोन-तीन दुकानांत विचारावे आणि मग घ्यावे.

7. कोणती जास्त टिकते?

हा प्रश्न सगळे विचारतात. खरे उत्तर असे की, दोन्ही कधी ना कधी बिघडतात.

हार्ड डिस्क धक्क्याने बिघडते. तिचे फिरणारे भाग झिजतात. पण पुष्कळदा ती आधी सूचना देते. टकटक होते, घरघर होते, फाइल उघडायला फार वेळ लागतो. असे झाले की एक क्षणही थांबू नये. लगेच माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी.

एसएसडीला धक्क्याचे भय कमी. पण ती बिघडली तर पुष्कळदा गुपचूप बिघडते. काल चालू होती, आज दिसतच नाही. शिवाय तिच्यातून चुकून पुसलेली माहिती परत मिळवणे बहुधा जमत नाही.

एसएसडीचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. कागदावर शिसपेन्सिलीने लिहिले, रबराने खोडले, पुन्हा लिहिले, असे पुष्कळ वेळा केले तर कागद झिजतो. एसएसडीचे खानेही लिहून-पुसून झिजतात. म्हणून किती लिहिता येईल, याचा आकडा बनवणारी कंपनी देते. समजा, तो 150 टीबी आहे. तुम्ही रोज 20 जीबी लिहिले, तर 150 टीबी व्हायला 7,500 दिवस लागतील. म्हणजे वीस वर्षांहून जास्त. घरच्या कामात रोज 20 जीबी कोणी लिहीत नाही. म्हणून झिजेची फार काळजी करू नका.

मात्र एसएसडीत माहिती भरून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नका. विजेशिवाय पडून राहिली की खान्यांतला भार हळूहळू उतरतो. उष्ण जागी तो लवकर उतरतो. कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवर ठेवणे बरे. तीही अधूनमधून जोडून तपासावी.

वीज अचानक जाणे दोघींनाही वाईट. लिहिणे चालू असताना वीज गेली तर लिहिलेले बिघडते. म्हणून यूपीएस घ्यावा. वीज गेल्यावर काही मिनिटे तो संगणक चालू ठेवतो. तेवढ्यात काम आवरून संगणक नीट बंद करता येतो.

8. दुसरी प्रत

आता पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमची चूक हार्ड डिस्क घेतली ही नव्हती. एसएसडी असती तरी ती एक दिवस गेली असती. चोरी झाली असती, आग लागली असती, पाणी शिरले असते. आमची चूक ही की, आम्ही एकच प्रत ठेवली.

26 जुलै 2005 चा पाऊस आठवतो ना? मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला. मुंबई, ठाणे, रायगड या जिल्ह्यांत घराघरांत पाणी शिरले. पाण्याने वही पाहिली नाही आणि संगणकही पाहिला नाही. 21 जून 2012 रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. वरच्या मजल्यांवरच्या फाइली जळाल्या. राज्याच्या सर्वांत मोठ्या कचेरीवर अशी वेळ येते, तर आपले काय? ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असते, तेच अशा वेळी वाचते.

म्हणून जाणकार लोक तीन, दोन, एक असा नियम सांगतात. तो पाठ करा.

तीन प्रती ठेवा.

त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा.

त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा.

आमच्या वाचनालयाने असे केले. संगणकात लहान एसएसडी बसवली. संगणकाच्या आज्ञा आणि चालू काम तिच्यात. सोबत 1 टीबीची हार्ड डिस्क बसवली. सगळा साठा तिच्यात. आणखी एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्याची प्रत तिच्यावर काढतो. काम झाले की केबल काढून ठेवतो. त्यामुळे संगणकाला व्हायरस लागला तरी तो या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. ही डिस्क वाचनालयात राहत नाही. ती विश्वस्तांपैकी एकाच्या घरी, वरच्या मजल्यावर, कपाटात असते. मोजक्या महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत इंटरनेटवर ठेवतो. मोबाइलवर खाते असणाऱ्या कोणालाही असे करता येते. परवलीचा शब्द मात्र कोणाला सांगू नये.

9. दुकानात गेल्यावर

दुकानात पुढच्या गोष्टी विचारा.

आमच्या संगणकात कोणती बसेल, चपटी की पट्टी? संगणकाचे नाव आणि वर्ष कागदावर लिहून न्या.

जुन्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर उतरवून द्याल का? त्याचे पैसे किती?

हमी किती वर्षांची? हमीत डिस्क बदलून मिळते, आतली माहिती मिळत नाही. हे विसरू नका.

पक्के बिल द्याल का? बिलावर डिस्कचा क्रमांक लिहून घ्या.

फार स्वस्त दिसली तर सावध राहा. काही बनावट डिस्कवर जागेचा आकडा मोठा छापलेला असतो, पण आत जागा थोडी असते. माहिती भरत जाते आणि मागची पुसली जाते.

10. जुन्या डिस्कचे काय करावे?

आमची बिघडलेली डिस्क मागायला भंगारवाला आला होता. आम्ही दिली नाही. का, ते सांगतो.

हार्ड डिस्कवरची फाइल पुसली की ती बहुधा लगेच जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली, तरी आतली पाने तशीच राहतात ना? तसेच हे असते. जाणकार माणूस ती पाने वाचू शकतो. तुमचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, जमिनीचे कागद परक्याच्या हातात जातील. म्हणून डिस्क विकण्याआधी किंवा देण्याआधी जाणत्या माणसाकडून ती पूर्ण पुसून घ्या. बिघडलेली असेल तर हार्ड डिस्कच्या चकत्या आणि एसएसडीच्या चिप मोडून टाका. हे काम दुकानातल्या माणसाकडून करून घ्या, मुलांच्या हाती देऊ नका. उरलेले तुकडे ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. ते कचऱ्यात टाकू नका, जाळू नका. आपली कासाडी नदी आधीच पुष्कळ सोसत आहे.

शेवटी

काकूंचा फोटो परत मिळाला नाही. हे आम्हाला सांगितलेच पाहिजे. नातेवाइकांकडे विचारले, जुनी अल्बमे पाहिली. कुठे पाठमोरे उभे आहेत, कुठे गर्दीत अर्धे दिसतात. काकूंनी त्यांतला एक निवडला. लग्नाच्या पंगतीत वाढताना त्यांचे यजमान एका कोपऱ्यात दिसतात. तोंड थोडे अस्पष्ट आहे. तो फोटो आम्ही स्कॅन केला. काकूंनी समोर उभे राहून तीन प्रती करून घेतल्या.

आता त्या वाचायला शिकल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गात येतात. पाटी खाली ठेवण्याआधी विचारतात, "गुरुजी, प्रत काढली का?"

आम्ही म्हणतो, "काढली, काकू."

तरी त्या स्वतः पडद्यावर तारीख वाचतात. मगच जागेवर बसतात.

उत्तरे लिहा

1. रॅमला पाटी आणि हार्ड डिस्कला वही का म्हटले आहे?

2. चालू संगणकाची पेटी का हलवू नये?

3. मिनिटाला 5400 फेरे घेणारी चकती सेकंदाला किती फेरे घेईल?

4. एका जीबीत 250 फोटो मावतात. 500 जीबीत किती मावतील?

5. तीन, दोन, एक हा नियम आपल्या शब्दांत लिहा.

6. तुमच्या घरच्या पेटीतले कोणते तीन कागद किंवा फोटो तुम्ही आधी स्कॅन कराल? त्यांच्या प्रती कोणाच्या घरी ठेवाल?